धातूचे विष, शरीराचे उत्तर : प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बार्तोलोमेओ गोसिओ नावाचे एक इटालियन आरोग्यशास्त्रज्ञ बुरशीचा अभ्यास करत होते. त्या काळी युरोपातल्या घरांच्या भिंतींवर हिरव्यागार रंगाचे कागद लावत आणि तो हिरवा रंग तांबे व आर्सेनिक यांच्या संयुगांपासून तयार होई. ओल धरलेल्या अशा खोल्यांत माणसे आजारी पडत. या कागदांवर वाढणारी बुरशी आर्सेनिकचे रूपांतर लसणाच्या वासाच्या एका वायूत करते, हे गोसिओंनी प्रयोगाने दाखवले. त्या वायूची नेमकी रचना पुढे १९३०च्या दशकात लीड्सच्या फ्रेडरिक चॅलेंजर यांनी उलगडली. खोल्यांमधल्या मृत्यूंना खरोखर हा वायूच कारण होता का, याविषयी आज शंका घेतली जाते. परंतु धातू, जीव आणि घर यांचे नाते इतक्या बारकाईने तपासणारे त्या काळात फार थोडे होते.

याच गोसिओंनी १८९३ साली खराब झालेल्या मक्यावरच्या बुरशीतून एक पदार्थ स्फटिकरूपात वेगळा केला. मका हेच मुख्य अन्न असलेल्या इटलीतल्या शेतकऱ्यांना पेलाग्रा का होतो, याचा ते शोध घेत होते. पेलाग्राचे कारण पुढे वेगळेच निघाले. त्या स्फटिकाला मात्र नंतर अमेरिकेत ‘मायकोफिनॉलिक आम्ल’ असे नाव मिळाले आणि कितीतरी वर्षांनी त्यातून मायकोफिनॉलेट मोफेटिल हे प्रतिकारशक्ती दडपणारे औषध तयार झाले. १९९५ साली अमेरिकेत ते बाजारात आले तेव्हा त्याचे काम एकच होते : दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवलेल्या रुग्णाच्या शरीराने ते झिडकारू नये. आणि २००७ साली व्हेनेझुएलातल्या माराकाइबो इथल्या संशोधकांनी हेच औषध शिसे पाजलेल्या उंदरांना देऊन पाहिले. मूत्रपिंडाचे नुकसान त्याने रोखले जाते का, हा त्यांचा प्रश्न होता.

गोसिओंच्या कामातले हे दोन धागे, एक धातूच्या विषाचा आणि दुसरा औषधाचा, शतकाहून अधिक काळाने एकाच प्रयोगात एकत्र आले. हा योगायोग आहे हे मान्य. पण या विषयात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या वाचकासाठी याहून चांगले दार मला सुचत नाही, कारण इथला मूळ प्रश्न त्या प्रयोगातच आहे. शिसे, पारा, कॅडमियम ही तर निर्जीव विषे. त्यांना ना जंतूंसारखे अंग, ना परक्या अवयवासारखी ओळख. मग त्यांच्यापासून मूत्रपिंड वाचवण्यासाठी शरीराची प्रतिकारशक्ती दडपण्याचा विचार कोणाच्या मनात का यावा?

त्यासाठी आधी मूत्रपिंडाकडे नीट पाहावे लागेल. शाळेपासून आपण त्याला रक्ताची गाळणी म्हणतो. गाळणीत अडकलेले आपण झटकून टाकतो आणि विषय संपतो. मूत्रपिंडाचे काम मात्र गाळून संपत नाही. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळायचा आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत घ्यायचा, असा त्याचा व्यवहार आहे. मीठ, साखर, अमिनो आम्ले, लहान प्रथिने यांची ही परतवसुली मुख्यतः केशिकागुच्छाला लागून असलेल्या वळणदार नलिकेत होते आणि घात होतो तोही तिथेच. यकृतात मेटॅलोथायोनीन नावाच्या छोट्या प्रथिनाला चिकटलेले कॅडमियम गाळले जाते, आणि नलिकेच्या पेशी नेहमीचे प्रथिन समजून ते आत ओढून घेतात. पेशीत प्रथिन मोडते, कॅडमियम सुटे होते आणि तिथेच राहते. त्याचा अर्धा साठा बाहेर जायला दहा ते तीस वर्षे लागू शकतात. पारा सिस्टीनशी जोडला गेला की अमिनो आम्लाच्या वेशात, अमिनो आम्लांसाठीच्या दारातून आत येतो. शिसे तर पेशीच्या केंद्रकात प्रथिनांबरोबर गाठी करून बसते; सूक्ष्मदर्शकाखाली त्या गाठी दिसतात.

या माहितीवरून विषबाधेचे जे चित्र बरीच वर्षे पाठ्यपुस्तकांत होते ते सरळ होते : धातू पेशीत शिरतो, विकरे बंद पाडतो, पेशी मरते. हे चित्र खोटे नाही. जपानमधल्या जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतून आलेल्या कॅडमियमने भातशेती विषारी झाली आणि ‘इताई-इताई’ हा भयंकर आजार उद्भवला, तेव्हा रुग्णांच्या नलिका खरोखरच जळाल्यासारख्या झाल्या होत्या. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये व्हरांड्याच्या कठड्यांवरचा शिशाचा रंग पोटात गेलेली मुले मोठेपणी मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. धातूने स्वतः केलेली इजा या दोन्ही ठिकाणी स्पष्ट दिसते. पण काही निरीक्षणे या चित्रात बसत नव्हती आणि त्यांतले सर्वांत बोलके निरीक्षण पाऱ्याच्या संशोधनातून आले.

पॅरिसमध्ये फिलिप द्रुए आणि त्यांचे सहकारी १९७०च्या दशकापासून ब्राउन नॉर्वे जातीच्या उंदरांना पाऱ्याच्या क्षाराची अगदी थोडी मात्रा टोचत होते. नलिका मारण्यासाठी लागते त्याहून ही मात्रा कितीतरी कमी होती. तरीही दोन-तीन आठवड्यांत उंदरांच्या लघवीतून भरमसाट प्रथिने जाऊ लागली. तपासणीत दिसले की केशिकागुच्छाच्या पायाभूत पडद्यावर उंदराच्या स्वतःच्याच प्रतिपिंडांचा एकसलग थर बसला आहे. पाऱ्याने पडदा फाडलेला नव्हता. पाऱ्याने प्रतिकारसंस्थेला चाळवले होते आणि हल्ला तिने केला होता. हीच मात्रा लुइस जातीच्या उंदरांना दिली तर त्यांना काही होत नव्हते. उलट त्यांच्यात पाऱ्याने प्रतिकारक्षमता मंदावत होती! म्हणजे विष तेच, मात्रा तीच, आणि परिणाम ठरत होता तो उंदराच्या आनुवंशिक घडणीवर. आणखी एक गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. पारा देणे चालू ठेवले तरी काही आठवड्यांनी ब्राउन नॉर्वे उंदरांचा हा आजार आपोआप ओसरत असे. शरीराने स्वतःच लावलेली आग स्वतःच आवरलेली असे.

१९८६ साली याच गटाने या उंदरांना सायक्लोस्पोरिन देऊन पाहिले. नॉर्वेतल्या हार्डांगरविडा पठारावरच्या मातीतल्या बुरशीतून आलेले हे औषध प्रतिकारसंस्थेतल्या टी-पेशींना जागे होऊ देत नाही. पाऱ्याबरोबर सायक्लोस्पोरिन दिलेल्या उंदरांत हा आजार रोखता आला. धातू शरीरात होताच, इजा मात्र टळली. या विषयाचा पाया घालणारा निष्कर्ष हाच, असे माझे मत आहे. विषबाधेतल्या नुकसानीचे दोन भाग असतात : एक धातूने केलेला आणि दुसरा शरीराने दिलेल्या उत्तराचा. हे भाग वेगळे करता येतात आणि दुसऱ्या भागावर औषध चालते.

पाऱ्याच्या बाबतीत हे तरी समजण्यासारखे होते, कारण तिथे प्रतिपिंड डोळ्यांना दिसत होते. शिशाचे काय? कमी मात्रेत वर्षानुवर्षे पोटात जाणाऱ्या शिशाने रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंड हळूहळू आक्रसते, हे पूर्वीपासून माहीत होते. कॅलिफोर्नियातले नोसरातोला वझिरी यांनी त्यामागे मुक्त मूलकांचा उपद्रव आणि नायट्रिक ऑक्साइडची टंचाई असल्याचे दाखवले होते. माराकाइबोचे बर्नार्दो रोद्रिगेस-इतुर्बे वेगळ्या वाटेने चालले होते. उच्च रक्तदाबाच्या निरनिराळ्या प्रयोगांत मूत्रपिंडाच्या नलिकांभोवती लसिकापेशी आणि मॅक्रोफेज यांची गर्दी होते, आणि ती हटवली की रक्तदाब उतरतो, हे त्यांना वारंवार दिसत होते. २००७चा प्रयोग या दोन गटांनी मिळून केला. पिण्याच्या पाण्यातून शिसे मिळालेल्या उंदरांत नलिकांभोवती हीच गर्दी आढळली. जोडीला मुक्त मूलके वाढली होती, दाह चेतवणारा एनएफ-कप्पा-बी हा घटक जागा झाला होता आणि मूत्रपिंडातले रक्तदाब वाढवणारे अँजिओटेन्सिन वाढले होते. शिसे चालू असतानाच मायकोफिनॉलेट मिळालेल्या उंदरांत पेशींची गर्दी कमी झाली, मुक्त मूलके आणि अँजिओटेन्सिन खाली आले, रक्तदाब वाढला नाही.

इथे थोडे थांबायला हवे, कारण हे औषध काम कसे करते ही कथाही शिकण्यासारखी आहे. दात्रपेशींचे जनुक मलेरियापासून संरक्षण देते, हे १९५४ साली दाखवणारे अँथनी ॲलिसन पुढे एल्सी युगी यांच्याबरोबर या औषधामागे लागले. त्यांनी दोन दुर्मीळ आनुवंशिक आजार शेजारी ठेवून पाहिले. दोन्हींत पेशीतली प्युरीन घटकांची रसायने बिघडलेली असतात. एका आजारातल्या मुलांची प्रतिकारशक्ती पार कोसळते. दुसऱ्या, लेश-नायहान नावाच्या आजारात मेंदूवर भयंकर परिणाम होतो, पण प्रतिकारशक्ती शाबूत राहते. या दुसऱ्या आजारात जुन्या प्युरीनांचा पुनर्वापर करणारा मार्ग बंद असतो. मग लसिकापेशींची मदार प्युरीन नव्याने घडवण्याच्या मार्गावर असणार, हा तर्क त्यांनी केला. त्या मार्गातले एक कळीचे विकर मायकोफिनॉलिक आम्ल रोखते. शरीरातल्या बहुतेक इतर पेशी जुन्या मालावर भागवून घेतात, लसिकापेशींची वाढ मात्र थांबते. रोग्याच्या खाटेपासून निघून रसायनशास्त्राच्या गाभ्यापर्यंत गेलेला असा तर्क वैद्यकात फार क्वचित वाचायला मिळतो. तरुण वाचकांनी तो मुळातून अभ्यासावा.

प्लॅटिनमची गोष्टही याच माळेतली. सिसप्लाटिन हे कर्करोगावरचे औषध म्हणजे प्लॅटिनम या जड धातूचेच संयुग आणि मूत्रपिंडाला होणारी इजा ही त्याच्या वापरातली मोठी अडचण. २००२ साली रमेश आणि रीव्ह्ज यांनी या इजेत टीएनएफ या दाहकारक प्रथिनाचा हात असल्याचे दाखवले. पुढे २००६ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये दिसले की टी-पेशी नसलेल्या उंदरांत सिसप्लाटिनची इजा कमी होते, आणि त्यांना टी-पेशी परत दिल्या की वाढते. इतके वाचून प्रतिकारशक्ती हीच खलनायिका असा समज होऊ शकतो. पण टी-पेशींतलाच नियामक नावाचा एक गट हे नुकसान कमी करतो, हेही उंदरांमध्ये दिसले आहे. सरसकट दडपणारे औषध हल्लेखोर आणि रक्षक यांच्यात नेहमी फरक करत नाही. पाऱ्याचा आजार उंदरांत आपोआप का ओसरतो, याचे उत्तरही अशा आवर घालणाऱ्या पेशींमध्येच शोधले गेले.

आता माणसाकडे येऊ. इथे मला सर्वांत जास्त सावधपणे लिहायचे आहे, कारण उंदरावरचे यश वाचून रुग्णाला औषध लिहून देण्याचा मोह अनेकांना होतो.

पाऱ्याने माणसाच्या केशिकागुच्छाला होणारा आजार प्रामुख्याने ‘मेम्ब्रेनस नेफ्रोपथी’ या स्वरूपाचा असतो. पायाभूत पडद्यावर प्रतिपिंडांचे कण साचतात, लघवी फेसाळते, अंगावर सूज येते. २०२० साली मेयो क्लिनिकच्या संजीव सेठी आणि सहकाऱ्यांनी मेम्ब्रेनस नेफ्रोपथीच्या काही रुग्णांत प्रतिपिंडांचे लक्ष्य असलेले नेल-१ हे प्रथिन ओळखले. लगोलग २०२२ साली चेन्नईतून अहवाल आला की नेल-१ प्रकारच्या त्यांच्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांनी पारंपरिक औषधे घेतली होती, आणि तपासलेल्या औषधांत पारा सापडला. २०२३ साली केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातून असाच अहवाल आला. या वेळी कारण होते गोरे करणारी मलमे. महाराष्ट्रातही, अकोल्याकडच्या अशाच घटनेचा छडा मुंबईच्या केईएम रुग्णालयात लागला. पारा त्वचेतल्या रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून तो अशा मलमांत घालतात. भारतात सौंदर्यप्रसाधनांत नकळत येणाऱ्या पाऱ्याची मर्यादा दशलक्ष भागांत एक भाग इतकी आहे. बेकायदा मलमांत तो हजारोंच्या घरात सापडतो.

चेन्नईच्या अहवालातली माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे. कारणीभूत औषध बंद केले आणि अँजिओटेन्सिनला आवर घालणाऱ्या नेहमीच्या गोळ्या दिल्या, एवढ्यावर पाठपुरावा झालेले बहुतेक रुग्ण सुधारले. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे त्यांना लागली नाहीत. आजार प्रतिकारसंस्थेनेच केलेला होता, तरी ती दडपावी लागली नाही. तिला चाळवणारा धातू दूर करणे पुरेसे ठरले. प्रयोगशाळेतल्या उंदराला आपण पारा देतच राहतो, कारण प्रश्नच तसा विचारलेला असतो. रुग्णाच्या बाबतीत पहिला प्रश्न ‘पारा कुठून येतो आहे’ हाच असला पाहिजे.

मग या संशोधनाची गरजच काय? गरज आहे, आणि ती मुख्यतः शिसे आणि कॅडमियम यांच्यामुळे आहे. मलम फेकून देता येते, हाडातले शिसे फेकून देता येत नाही. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्या कामगाराने काम सोडले तरी हाडांत साठलेले शिसे पुढची अनेक वर्षे रक्तात झिरपत राहते. भारतात पेट्रोलमधले शिसे २००० साली गेले, पण त्याआधी वाढलेल्या पिढ्यांची हाडे तीच आहेत. धातू बांधून बाहेर काढणाऱ्या औषधांचा इतिहास दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डला लुइसाइट या आर्सेनिकयुक्त विषारी द्रव्यावर शोधलेल्या उताऱ्यापासून सुरू होतो. शिशासाठी ती उपयोगी आहेत. तैवानमध्ये २००३ साली झालेल्या अभ्यासात त्यांतले ईडीटीए देऊन मूत्रपिंडाची घसरण मंदावल्याचेही दिसले. मात्र पेशीत मेटॅलोथायोनीनला घट्ट धरून बसलेल्या कॅडमियमपर्यंत ही औषधे नीट पोचत नाहीत; लुइसाइटवरच्या त्या जुन्या उताऱ्याने तर मूत्रपिंडातले कॅडमियम वाढू शकते. धातू आतच राहणार असेल तर त्याच्या सोबतीने मूत्रपिंड कसे टिकवायचे, हा प्रश्न उरतोच. शरीराच्या उत्तरावर काम करणारी औषधे इथे महत्त्वाची ठरतात.

पण ही औषधे स्वतः साधी नाहीत. सायक्लोस्पोरिन माणसांना देऊ लागताच, १९७८ साली, त्याने मूत्रपिंडाला इजा होते हे लक्षात आले. मूत्रपिंड वाचवायला निघालेले औषधच मूत्रपिंडावर उठते, ही या क्षेत्रातली खरी पेचाची जागा आहे. मायकोफिनॉलेट मूत्रपिंडाला तसे सौम्य, परंतु त्याने जंतुसंसर्ग वाढतात, रक्तपेशी घटतात, आणि गरोदरपणी घेतल्यास गर्भात गंभीर व्यंग निर्माण होते. शिसे हाडातून दहा-वीस वर्षे झिरपणार म्हणून तितकी वर्षे कोणाची प्रतिकारशक्ती दडपून ठेवणे, तेही क्षयरोग घरोघर असलेल्या देशात, मला मान्य होणार नाही. या प्रयोगांचा उपयोग औषध सुचवण्यापेक्षा साखळी दाखवण्यात अधिक आहे. दाहाच्या ज्या साखळीत लसिकापेशी आहेत तिच्यातच अँजिओटेन्सिन आहे, आणि त्याला रोखणाऱ्या स्वस्त, परिचित गोळ्या जिल्हा रुग्णालयातही मिळतात.

या क्षेत्रात उतरणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक निबंध वाचताना काही गोष्टी आवर्जून पाहाव्यात, असे सांगावेसे वाटते. औषध धातूच्या आधी दिले, बरोबर दिले की नंतर? आधी दिलेल्या औषधाने इजा टळली तर यंत्रणा कळते, उपचार सापडत नाही. आपल्याकडे येणारा रुग्ण नेहमी नंतरच येतो. धातूची मात्रा माणसाला मिळते तशी हळूहळू होती की एकदाच टोचलेली जबर? उंदराची जात कोणती? आणि औषधाने ऊतकातला धातू कमी झाला, की धातू तेवढाच राहून इजा कमी झाली? हा शेवटचा मुद्दा अनेक निबंधांत निसटतो, आणि तो निसटला की दोन्ही भाग पुन्हा एकमेकांत मिसळतात.

दवाखान्यात बसणाऱ्या वाचकांना एक विनंती. लघवीत प्रथिन आणि अंगावर सूज घेऊन आलेल्या रुग्णाला स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटे द्या. तोंडाला काय लावता, कोणाकडून आणता, डबीवर बनवणाऱ्याचे नाव आहे का. कोणती पुडी, कोणते भस्म, किती दिवस. कामावर काय वितळवता, काय घासता, जेवण्याआधी हात कुठे धुता, हे विचारा. विचारताना आवाजात दोष देण्याचा सूर नको, नाहीतर खरे उत्तर मिळणार नाही. शंका आली तर रक्त आणि लघवीतला पारा, रक्तातले शिसे तपासायला पाठवा आणि तीच वस्तू वापरणाऱ्या घरातल्या इतरांनाही बोलवा.